झाकणबाईंच्या रश्शातले पांढरे तुकडे

मी पुस्तकं बांधली, लिहिलं काही नाही. रजेचे अर्ज सोडले तर माझ्या हातचं एक पानभर लिखाण कुठे सापडायचं नाही. त्यामुळे हे कितपत जमेल, मला शंकाच आहे. पण झाकणबाईंबद्दल त्या वेळी जे बोललं गेलं त्यातलं निम्मं माझ्यामुळे बोललं गेलं. ते दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

आमचा बांधणीचा कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली आणि बावीस माणसं. एका टोकाला कागद दुमडणारे, मधे शिवणाऱ्या बायका, दुसऱ्या टोकाला कटिंगचं यंत्र. दुपारचं जेवण मालकांकडून असे. मागे स्वयंपाकघर होतं आणि त्याला लागून एक खोली. जी बाई स्वयंपाकाला असेल तिने त्या खोलीत राहायचं. झाकणबाई आल्या त्या दोन ट्रंका, एक मोठं पातेलं आणि नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी घेऊन. म्हणजे काम सुटलं तर मायलेकींचं छप्परही जाणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

झाकणबाई हे नाव आमच्या शिवणकाकूंनी ठेवलं. शिवणकाकू म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या शिवणाऱ्या; सुई आणि जीभ दोन्ही सारखीच चालायची. बाईंच्या स्वयंपाकघरात उघडं भांडं दिसायचं नाही. भात झाकलेला, रस्सा झाकलेला, पिण्याचं पाणी झाकलेलं, मिठाच्या डब्यावर ताटली आणि ताटलीवर वाटी. "तोंडावर पण एक झाकण आहे," काकू म्हणाल्या, "दोन महिने झाले, चार वाक्यं ऐकली नाहीत."

स्वयंपाकघराला लागून बोळ, आणि बोळात माझी शेगडी. मी खळ शिजवायचो. पुठ्ठ्यावर कापड आणि कागद चिकटवायला मैदा पाण्यात शिजवून करतात ती खळ. तिला किडे लागू नयेत म्हणून मी तिच्यात मोरचूद टाकायचो. निळं, दिसायला सुंदर, पण पोटात गेलं तर वाईट. माझी शेगडी आणि बाईंची शेगडी यांच्यामध्ये एक जाळीचं दार होतं. बाई आल्या त्याच आठवड्यात त्यांनी आतून त्या जाळीवर कापड टांगलं. मला त्याचं वाईट वाटलं. मनात पाल चुकचुकली.

त्या वर्षी सगळंच महाग झालं होतं. आधीच्या आचाऱ्याच्या हाताखाली ताटातलं मटण गेलं, मग अंडं आठवड्यातून एकदा झालं, मग तेही गेलं. पातळ रस्सा, भात आणि पाव एवढंच उरलं होतं. आणि बाई आल्यावर महिन्याभरात, जेवणाला मालक तेवढेच पैसे देत असताना, रश्शात पांढरे तुकडे दिसायला लागले. आठवड्यातून तीनदा. कधी तांबूस तळलेले, कधी कांद्यात कुसकरून परतलेले, कधी नुसते हिरव्या मिरचीबरोबर. कशाचे ते कोणालाच कळेना. दुधाचे म्हणावे तर दुधाचा वास नाही, अंड्याचे म्हणावे तर पिवळं कुठे दिसत नाही.

"बाई, हे काय आहे हो?" कटिंगवाल्याने विचारलं.

"जेवण," बाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

तिथूनच सुरुवात झाली. जे स्वस्त आहे, पोट भरतं आणि ज्याचं नाव कोणी सांगत नाही, ते काय असणार? कुठेतरी पाणी मुरतंय हे सगळ्यांचं एकमत होतं. कुठे, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर एका दुपारी शिवणकाकूंनी दिलं. त्यांनी एक तुकडा बोटांत धरून उजेडाकडे केला.

"गुळगुळीत, पांढरा, चव नाही. दाबला की थरथरतो. हे मी रोज बघते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाना, तुमच्या बादलीत."

कोणी हसलं नाही. शिळी खळ रात्रभर राहिली की खरोखरच तशी घट्ट बसते. सुरीने वड्या पडतात. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात हा विचार कोणाच्या डोक्यात आला नसता. पण आम्ही बावीस जणांनी आयुष्यभर खळीत बोटं बुडवलेली, आम्हाला जगात पांढरं आणि मऊ दिसलं की तीच दिसायची.

"निळसर झाक आहे की नाही बघा," कोणीतरी म्हणालं. ट्यूबलाइटखाली सगळंच निळसर दिसतं. पण त्या दिवशी आम्हाला फक्त तुकडेच निळसर दिसले.

मग पुरावे गोळा व्हायला लागले. मुकादमांनी सांगितलं की मैद्याचं पोतं तीन महिने पुरायचं ते आता दोन महिन्यांत संपतंय. मला ते माहीत होतं. मला वाटत होतं मैदा हलका येतोय, कारण खळ फार दाट होत होती आणि मी पाणी वाढवत होतो. कटिंगवाला पोटदुखीने दोन दिवस घरी राहिला. (त्याच्या पोटदुखीचं खरं कारण त्याने पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.) आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आमचं एक जुनं दाबाचं यंत्र पडून होतं. चाक फिरवलं की जाड लोखंडी पाट खाली येतो, त्याखाली नवी पुस्तकं दाबून ठेवायची. ते जड म्हणून कोणी हलवलं नव्हतं. मुकादम एकदा साखर मागायला आत गेले तर त्या यंत्राला नवीन तेल घातलेलं आणि त्याच्या पाटाखाली ओल.

"पुस्तकं तर तिथे नाहीत," मुकादम मला बोळात म्हणाले. "मग ती दाबते काय? नाना, तुम्ही सकाळी सगळ्यांच्या आधी येता. जरा लक्ष ठेवा. तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही."

"मला असलं जमत नाही."

"बघायचंय फक्त. तुमचाच मैदा आहे, तुमचंच मोरचूद आहे. उद्या कोणाला काही झालं तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारतील."

हे खरं होतं, आणि मी भित्रा. पाच दिवस मी शेगडीवर खळ ढवळत, टांगलेल्या कापडाच्या कडेने बोटभर फट राहायची तिथून आत बघत होतो. मला दिसलं ते असं. मोठ्या पातेल्यात पांढरं काहीतरी उकळत होतं. ते फसफसून वर आलं की बाई आच कमी करत आणि फेस काढून टाकत. मग पातेलं उतरवून त्या फडताळातून एक बाटली काढत. बाटलीला लेबल नव्हतं. त्यातलं दोन-तीन डाव पाण्यात मिसळून थोडं थोडं पातेल्यात सोडत, एकदाच हलका हात फिरवत आणि झाकण. पंधरा मिनिटं त्या झाकणाला हात लावत नसत. नंतर पातेल्यातलं कापड घातलेल्या भोकांच्या लाकडी पेटीत ओतत, पेटी यंत्राच्या पाटाखाली ठेवत आणि चाक फिरवत. पिवळट पाणी गळायचं.

मी हे सगळं मुकादमांना सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. पण पातेल्यात आधी काय टाकलं होतं ते मला दिसलं नव्हतं, आणि ते दिसलं नव्हतं हे मी सांगितलं नाही.

"बिनलेबलाची बाटली," मुकादम म्हणाले. "बास. शनिवारी मालक येतात, त्यांच्या कानावर घालतो. सोमवारपासून दुसरी बाई."

शुक्रवारी मी माझ्या ताटातला एक तुकडा पुस्तकाच्या कागदात गुंडाळून घरी नेला. का नेला हे सांगणं अवघड आहे. बहुधा कोणीतरी आपल्याला 'बरोबर केलंत' असं म्हणावं, म्हणून. बायकोने तो तळहातावर घेतला, दाबला, वास घेतला.

"ही खळ आहे असं वाटतंय आम्हाला," मी म्हणालो.

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांपैकी खळ कोण शिजवतं?"

"मी."

तिने निम्मा तुकडा उकळत्या पाण्यात टाकला. आम्ही दोघं भांड्यावर वाकून उभे राहिलो. पाणी स्वच्छच राहिलं. तुकडा वर तरंगला, थोडा फुगला, आणि होता तसाच. उरलेला निम्मा तिने तव्यावर थेंबभर तेलात ठेवला. त्याला खालून सोनेरी साल आली आणि उलथन्याने तो अलगद सुटला.

"खळ तव्यावर टाकली असती तर तवा फेकावा लागला असता," ती म्हणाली. "चाळीस वर्षं शिजवताय. एकदा गरम पाण्यात टाकून बघावं असं एकालाही सुचलं नाही?"

"पण मैदा कमी होतोय ना."

"कशाने मोजता?"

"मगाने. चार मग."

"तोच मग? पोचा पडलेला?"

मी खाटेवर बसलो. माझा जुना ॲल्युमिनियमचा मग तळाला इतका पोचला होता की त्यात जेमतेम पाऊण मग मावायचं. तो चार महिन्यांपूर्वी फुटला. त्याच्या जागी मी नवा आणला, धड तळाचा, आणि सवयीने चारच मग टाकत राहिलो. खळ दाट होते म्हणून पाणी घालायचो, खळ जास्त होते म्हणून संध्याकाळी बादली ओतून द्यायचो. मैदा मीच खात होतो म्हणा ना. आणि चोराला सोडून संन्याशाला सुळी, तीही मीच देत होतो.

शनिवारी सकाळी मी पहिल्यांदा जाळीचं दार वाजवलं. बाईंनी ते अर्धंच उघडलं.

"बाई, आज दुपारी मालकांसमोर तुमचा विषय निघणार आहे."

"माहीत आहे. मुलीला कालच सांगितलं, ट्रंका भरून ठेव म्हणून." त्या माझ्याकडे नीट बघत होत्या. "पाच दिवस तुम्ही फटीतून बघताय, नाना. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी टाकायला संधी बघताय."

"मी? काय टाकायला?"

"ते निळं. तुम्ही डबा उघडता तेव्हा त्याची भुकटी उडते. पहिल्या आठवड्यात माझ्या भाताच्या पातेल्यावर निळे ठिपके होते. तो भात मी ओतून दिला आणि तेव्हापासून झाकणं." त्यांनी कापडाकडे बोट दाखवलं. "हेही त्याचसाठी. बोलले असते, पण नवीन बाई जुन्या माणसाविरुद्ध बोलली तर कोण कोणाचं ऐकणार?"

मी मागे वळून माझ्या शेगडीजवळच्या मोरचुदाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

त्यांनी मला आत घेतलं. ओट्याखाली परात होती आणि परातीत भिजलेले, टपोरे सोयाबीनचे दाणे. आदल्या रात्री भिजवायचे, सकाळी वाटायचे, आमच्याच पुस्तकांच्या पाठीला लावतो त्या कोऱ्या जाळीच्या कापडातून गाळायचे. जे गाळून येतं ते दूध. बाटलीत व्हिनेगर, लेबल पाण्याने गळून पडलेलं. "टोफू म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी आधी एका वसतिगृहात होते. तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्याने शिकवलं. दाणे स्वस्त, आणि एका पातेल्यात बावीस माणसं जेवतात."

"मग नाव का नाही सांगितलं?"

"तिथे सांगितलं होतं. सहा महिने बोटं चाटत होते. दाण्यांचं आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ताटं परत आली, गुरांचं खाणं देता का म्हणून. आठवड्यात मला काढलं." त्या थांबल्या. "आता मी काही सांगितलं तर ते माझ्या बचावाचं वाटेल. तुम्ही सांगा. पाहणारे तुम्ही."

माझी आयुष्यभर इच्छा एवढीच होती की चार माणसांत कोणी मला बोलायला लावू नये. पण दुपारी मालक आले, मुकादमांनी पोतं, बाटली आणि ओलं यंत्र सगळं क्रमाने मांडलं, आणि मालकांनी बाईंना विचारलं, "यावर काय म्हणणं आहे?"

"नानांना विचारा," बाई म्हणाल्या.

सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. आधी नवा मग टेबलावर ठेवला. मग त्याच्यात पाणी घेऊन पाऊण उंचीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की जुन्यात एवढंच मावायचं. फार वाईट सांगितलं. दोनदा मोरचूद म्हणालो तिथे मैदा म्हणायचं होतं, आणि लोक आणखीनच घाबरले. शेवटी शिवणकाकूच म्हणाल्या, "म्हणजे पोतं तुम्ही संपवलंत आणि पहारा तिच्यावर बसवलात?"

"हो."

"आणि हे तुकडे?"

"सोयाबीनचे. घरी गरम पाण्यात टाकून बघितलं. विरघळत नाहीत."

कटिंगवाला हळूच म्हणाला, "सोयाबीन म्हणजे गुरांना घालतात ते?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली नव्हती, पण हातातलं फडकं घट्ट पिळलं होतं.

मालक व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "मैद्याचं कळलं. नाना, सोमवारपासून खळ काकू शिजवतील, तुम्ही दुमडणीला बसा. आणि तुमची ती शेगडी मागच्या अंगणात न्या, स्वयंपाकघराजवळ नको. बाईंचं म्हणाल तर लोकांनी खाल्लं तर माझी हरकत नाही. ताटं परत आली तर मात्र मला दुसरी व्यवस्था बघावी लागेल. सोमवारी मुकादम मला सांगतील."

रविवारी मी बाईंच्या दारात गेलो. मदत करू का विचारलं. "हात धुवा," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला कळलं की एवढे दिवस मी फटीतून पाहूनही काहीच पाहिलं नव्हतं. टोफू सुरीने कापायचा नाही, हाताने तोडायचा. खडबडीत कडांना मसाला धरतो. तोडल्यावर मिठाच्या कढत पाण्यात पाच मिनिटं, म्हणजे आतपर्यंत मीठ जातं आणि दाण्यांचा वासही जातो. मग फडक्यावर कोरडा करून थोड्याशा तेलात, न हलवता, एक बाजू लाल होईपर्यंत. जास्त तेल लागत नाही, धीर लागतो. गाळल्यावर उरलेला चोथा त्या फेकत नसत. कांदा आणि शिळा पाव घालून त्याचे चपटे वडे करत. आम्ही ते गेले तीन महिने मागून मागून खात होतो. यंत्रातून गळलेल्या पाण्याने भांडी घासत, त्याला फेस येतो. मुलगी बाजूला अभ्यास करत होती. ती म्हणाली, "आई, त्यांना लसूण सोलायला नको देऊस, ते सालीबरोबर निम्मा लसूण फेकतायत." फेकतच होतो.

सोमवारी जेवायला बसलो तेव्हा खोलीत चमच्यांचाही आवाज नव्हता. बाईंनी पातेलं मधोमध आणून ठेवलं. लसूण, लाल मिरची, टोमॅटोचा दाट रस्सा आणि त्यात लाल साल आलेले तुकडे. आता ते काय आहेत हे प्रत्येकाला माहीत होतं आणि तेच वाईट होतं. शिवणकाकूंनी एक उचलला, उलटा केला, वास घेतला, अर्धा खाल्ला. बराच वेळ चावला. मग उरलेला अर्धाही खाल्ला आणि ताट पुढे केलं. "रस्सा आणखी." दुमडणाऱ्यांनी त्यांच्याकडे बघून सुरुवात केली. कटिंगवाल्याने सगळे तुकडे ताटाच्या कडेला लावले, एकेक करून खाल्ले, प्रत्येक वेळी तोंड असं केलं की जणू औषध घेतोय, आणि नंतर पाव मागून ताट पुसून घेतलं. मुकादम सगळ्यात शेवटी. त्यांना मालकांना खरं सांगायचं होतं, म्हणून ते दुसऱ्यांची ताटं मोजल्यासारखं बघत होते. बघता बघता त्यांचं कधी संपलं ते त्यांनाही कळलं नसावं.

बाई ताटं गोळा करायला आल्या. एकेक ताट उचलून बघत, दुसऱ्यावर ठेवत त्या माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. माझ्या ताटात सहाच्या सहा तुकडे होते. मी सगळा वेळ इतरांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

"नाना," त्या म्हणाल्या, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, "बावीस ताटांपैकी परत चाललंय ते तुमचं?"

मुकादम मान उंचावून बघायला लागले. शिवणकाकूंनी कपाळाला हात लावला. मी घाईघाईने चमचा उचलला. बाई हलल्या नाहीत. माझा त्यांच्यावर जेवढा विश्वास होता तेवढाच त्यांचा माझ्यावर होता, आणि त्याला कारण होतं. सहावा तुकडा गिळून होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, मग ताट माझ्या हातातून घेऊन आत गेल्या.

रस्सा गार झाला होता, पण तुकड्यांमध्ये चांगला मुरला होता. हे त्यांना सांगायला हवं होतं. त्या पुढे तिथे अकरा वर्षं होत्या, त्यांची मुलगी तिथूनच नोकरीला लागली, आणि तेवढ्या काळात सांगायची संधी शेकडो वेळा आली असेल. मी सांगितलं नाही.